किल्ल्यांची वही : जुळे सोलापुरातल्या आमच्या ओळीच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

महाशिवरात्रीच्या रात्री समोरच्या काकांची गाडी गेली. २६ तारखेला सगळं घर जावयाच्या गाडीतून सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलं होतं. रांग मोठी होती, परतायला साडेअकरा झाले. येऊन बघतात तर गेट सताड उघडं आणि गाडीच्या जागी फरशीवर नुसता तेलाचा जुना डाग. काकांनी लगेच ११२ ला फोन लावला. पोलीस आले, पंचनामा झाला, रात्रीच फिर्याद नोंदवली गेली.

घराचं कुलूप जसंच्या तसं होतं. सकाळी कंपाउंडच्या आतल्या बाजूला, जास्वंदीच्या झाडामागे, झाडूचा दांडा सापडला. त्याच्या टोकाला कपड्यांच्या हँगरची तार वाकवून आकडा केलेला. हॉलची खिडकी हवेसाठी उघडी होती आणि खिडकीपासून साडेचार फुटांवर भिंतीला किल्ल्या अडकवायची लाकडी पाटी. चोर घरात शिरलाच नाही. ग्रिलमधून दांडा घालून किल्ली काढली, गाडीला लावली आणि निघून गेला.

आज ओळीतल्या चौदा घरांपैकी बारा घरांतली माणसं आमच्या ओट्यावर जमली. मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत नोकरीला, त्यामुळे ओळीतल्या गाड्या सुरक्षित करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मनापासून घेतलं. काकूंचा चेहरा बघवत नाही. त्या गाडीतून त्या दर नवरात्रात तुळजापूरला जायच्या.

सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, आधी कॅमेरे बसवा. मलाही तेच वाटलं. काम सुरू करण्यापूर्वी ओळ मापून घेतली: लांबी एकशे दहा मीटर, दिवे तीन (एक बंद), गाड्या काकांची धरून अकरा, कॅमेरे चार घरांना.

५ मार्च

चारही घरांचं चित्रण पाहिलं. यात फार शिकायला मिळालं, म्हणून सविस्तर लिहिते.

कोपऱ्यावरच्या घराच्या कॅमेऱ्यात काकांची गाडी ओळीतून बाहेर पडताना दिसते. वेळ दाखवतो ११ वाजून ९ मिनिटं. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं तर तेवीस मिनिटं पुढे. म्हणजे गाडी गेली १० वाजून ४६ मिनिटांनी. पोलिसांनी पुढच्या चौकातलं चित्रण ११ च्या सुमाराचं मागवलं होतं. हवालदारांना लगेच फोन करून खरी वेळ सांगितली, त्यांनी ती लिहून घेतली. तेवीस मिनिटांत विजापूर रोडने माणूस पार भीमेच्या दिशेला लागतो, आणि पलीकडे कर्नाटक.

माणूस मात्र ओळखू येत नाही. कॅमेरा गच्चीच्या कठड्याला, पंधरा फुटांवर. दिसते ती टोपी. नंबरप्लेटच्या जागी पांढरा डाग, कारण रात्री कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि प्लेटवरचा परावर्तक पत्रा तो सगळा प्रकाश तसाच परत फेकतो.

आज केलेलं काम: गेटजवळचे दोन कॅमेरे साडेआठ फुटांवर उतरवले, तोंड दिसेल असे. एकाचा कोन तिरका करून बाजूला साधा एलईडी दिवा दिला. आता नंबरप्लेट वाचता येते. चारही डीव्हीआरची घड्याळं लावली. एका घरी डीव्हीआर टीव्हीखालीच उघड्यावर होता, तो माळ्यावर नेऊन इन्व्हर्टरवर जोडला. दर महिन्याच्या एक तारखेला घड्याळ तपासायचं, ही जबाबदारी नववीतल्या दोन मुलांनी घेतली आहे.

९ मार्च, रविवार

आज कामाची दिशाच बदलली.

काकांकडे विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला होता. त्यांना गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या हव्यात. एक चोराने नेली, ते फिर्यादीत लिहिलेलं आहे. दुसरी कुठे आहे? काका-काकू दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. सात वर्षांत दुसरी किल्ली कुणी हातातच घेतली नव्हती.

मग मी वही घेऊन घरोघर गेले. अकरा गाड्या, म्हणजे मूळ किल्ल्या बावीस. ‘दोन्ही दाखवा’ एवढंच म्हणायचे. संध्याकाळपर्यंत चौदा दिसल्या. उरलेल्या आठचा हिशेब असा: एक चोराकडे, काकांची दुसरी बेपत्ता, दोन पुण्याला मुलांकडे, एक दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या ड्रायव्हरकडे, एक सेंट्रल लॉक दुरुस्त करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे ‘राहिलेली’, आणि दोन कुठे आहेत ते देव जाणे.

आम्ही कॅमेऱ्यांवर चर्चा करत बसलो होतो आणि आमच्या गाड्यांच्या आठ किल्ल्या आमच्या हातात नव्हत्या.

काकांच्या गाडीत इमोबिलायझर होता. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात छोटी चिप असते. किल्ली लावली की तिथल्या तारेच्या वेढ्यातून तिला ऊर्जा मिळते, ती आपली ओळख सांगते, आणि ओळख पटली तरच इंजिन चालू राहतं. म्हणूनच जुन्या पद्धतीने वायरी जोडून नवी गाडी सुरू होत नाही. पण चोराच्या हातात खरीच किल्ली असेल तर गाडीच्या लेखी तोच मालक. हे आज बारा घरांत बारा वेळा सांगितलं.

आजपासून वहीचं नाव ‘किल्ल्यांची वही’. खिडकी-दाराजवळच्या सगळ्या पाट्या आणि खिळे काढायला लावले. किल्ली आतल्या खोलीत, कपाटात. घराची आणि गाडीची किल्ली एका कड्यात नको. गॅरेजला गाडी देताना कड्यासकट घर देऊन येतो आपण.

१६ मार्च

गेटं. सरकत्या गेटांना फारशी भीती नाही. पण उघडझाप करणारी सात गेटं अशी निघाली की कुलूप न तोडता दोन माणसं ती वर उचलून बिजागरीतून काढू शकतात. खाली मोठं पितळी कुलूप आणि वर मोकळी पिन! वेल्डर बोलावून वरच्या पिनेच्या डोक्यावर वायसर मारून घेतले. सातही गेटं एका दुपारीत झाली. आमच्या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि पक्कं काम हेच.

ओळीच्या टोकाचे दादा चादरी-टॉवेल पोहोचवायला व्हॅन वापरतात. त्यांना गाडीपेक्षा सायलेन्सरची काळजी. व्हॅनच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात महागडे धातू: प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. खाली झोपून चार बोल्ट खोलले की गेला. व्हॅन आता मागची बाजू भिंतीला लावून, उजेडात उभी करतात, आणि बोल्टांवर वेल्डिंगचे दोन ठिपके दिले आहेत. स्टेपनीला साखळी घातली.

१९ मार्च

रंगपंचमी. काम नाही. फक्त एक नोंद: ओले हात नकोत म्हणून पाच किल्ल्या दुपारभर रस्त्याकडेच्या कठड्यावर पडलेल्या होत्या. मीच गोळा करून घरोघर दिल्या. कुणाला राग आला नाही, याचं समाधान.

२३ मार्च

पुण्याहून दोन्ही किल्ल्या आल्या. ड्रायव्हरने त्याच्याकडची स्वतः आणून दिली, चहा घेऊन गेला. त्याला आपल्याकडे ती आहे याची आठवणसुद्धा नव्हती. इलेक्ट्रिशियनचीही मिळाली. अठरा झाल्या.

हरवलेल्या दोन किल्ल्यांसाठी मालकांना अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवलं. नवी किल्ली बनवून घेताना एक गोष्ट आवर्जून सांगायची: जुनी हरवलेली किल्ली गाडीच्या संगणकातून पुसून टाका. त्यासाठी हातातली दुसरी किल्लीही सोबत न्यावी लागते, कारण हव्या तेवढ्याच किल्ल्या ओळखायला गाडीला नव्याने शिकवतात. पुसल्यावर सापडलेल्या जुन्या किल्लीने दार उघडेल कदाचित, पण इंजिन लागणार नाही.

नव्या किल्लीबरोबर बोटाच्या पेराएवढी पत्र्याची बिल्ली येते, तिच्यावर किल्लीचा नंबर कोरलेला असतो. लोक ती हौसेने कड्यातच ठेवतात. त्या नंबरावरून किल्ली कापता येते, म्हणून बिल्ली घरात, कागदपत्रांबरोबर.

६ एप्रिल, रविवार

ओळीत बटण दाबून सुरू होणारी एकच गाडी आहे, डॉक्टरांची. आज तिच्यावर प्रयोग केले. त्या गाडीची किल्ली खिशात असली की पुरे, दाराला हात लावला की दार उघडतं. गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हळू हाक मारते, जी मीटर-दीड मीटरच ऐकू येते. किल्ली ती ऐकून शेकडो मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर उत्तर देते. चोरीची पद्धत अशी की एक जण घराच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. गाडीची हाक ते यंत्राने लांबवतात. किल्ली बिचारी कपाटात, पण गाडीला वाटतं की मालक शेजारी उभा आहे. कुठेही काही फुटत नाही.

प्रयोग सोपा आहे, कुणीही करावा. किल्ली एखाद्या वेष्टनात घालायची, गाडीच्या दाराशी धरायची आणि मूठ ओढून बघायची.

कापडी पिशवी: उघडलं, अर्थातच. सैल झाकणाचा स्टीलचा डबा: उघडलं. तोच डबा, झाकण घट्ट दाबून: नाही उघडलं. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा एक वेढा, कडा मोकळ्या: उघडलं. दोन वेढे, कडा दुमडून: नाही. बाजारातली धातूच्या अस्तराची पिशवी, तोंड नीट बंद करून: नाही. तीच पिशवी, झडप न दुमडता: उघडलं.

म्हणजे फटीत सगळं आहे. डॉक्टरीण बाईंनी हिंगाची रिकामी पत्र्याची डबी आणली, घट्ट झाकणाची. ती उत्तम चालली. रात्री दोन्ही किल्ल्या त्यात. दुसरी किल्लीसुद्धा! लोक रोजची किल्ली डबीत ठेवतात आणि दुसरी ड्रॉवरमध्ये उघडी. काही किल्ल्या हलवल्या नाहीत की आपोआप झोपतात. आपली तशी आहे का, ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, मेकॅनिक तिथे आपलं यंत्र लावतो. काही गाड्यांत त्याच वाटेने चोर नवी किल्ली शिकवून घेतात. अशा वेळी उपयोगाला येतो तो दिसणारा लोखंडी दांडा. लाल रंगाचे स्टिअरिंग लॉक नऊ घरांनी एकत्र आणले. करवत चालवली तर तो दांडा कापला जाईलच, पण आवाज होईल आणि मिनिटं जातील. चोराला आपली गाडी सोडून द्यावीशी वाटली पाहिजे, एवढंच माझं गणित.

१३ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. आजची नोंद उन्हाचीच, कारण सोलापुरात गाडीच्या बाबतीतल्या निम्म्या वाईट सवयी उन्हापायी लागलेल्या आहेत.

पहिली: दूध घ्यायला उतरताना एसी चालू राहावा म्हणून इंजिन चालू ठेवणं. आमच्या ओळीतल्या सहा जणांनी कबूल केलं, त्यात माझे यजमानही. मागे मूल झोपलेलं असेल तर हमखास. मूल गाडीत एकटं ठेवायचंच नाही, आणि किल्ली हातात घेतल्याशिवाय दार लावायचं नाही, हे आमच्या घरात तरी आता ठरलंय.

दुसरी: काचा दोन बोटं खाली ठेवणं, आतली धग जावी म्हणून. त्या दोन बोटांतून तारेचा आकडा जातो. काकांच्या खिडकीतून दांडा गेला तसाच. त्यापेक्षा पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावा, निघताना आधी चारही दारं मिनिटभर उघडून ठेवा.

तिसरी: सावलीसाठी गाडी लांब, आडबाजूच्या झाडाखाली लावणं. पंढरपूर, अक्कलकोटला गेल्यावर तर नेहमीच. तिथे पैसे देऊन राखणीच्या जागेत लावणं परवडतं. मंगल कार्यालयात गाडी लावायला किल्ली दिली तर देणाऱ्याचा चेहरा आणि पावतीचा नंबर लक्षात ठेवावा.

चौथी उन्हाची नव्हे, घाईची. रिमोटचं बटण दाबून मागे न बघता चालू पडायचं. लॉकचा सिग्नल अडवणारं छोटं जॅमर जवळपास असेल तर दार बंदच होत नाही. बटण दाबा, दिवे लुकलुकले का बघा, मूठ ओढून बघा. मी रोज ओढते. आता हात आपोआप जातो.

गाडी धुणाऱ्या पोराबद्दल दोघातिघांनी संशयाने बोलायला सुरुवात केली तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की त्याचा काही संबंध नाही. गाडी बाहेरून धुवायला किल्ली लागत नाही. आपण देतो म्हणून तो घेतो. आतून पुसायचं असेल तेव्हा आपण शेजारी उभं राहायचं. गरीब पोरावर आळ घालून कुणाची गाडी सुरक्षित होत नाही.

आणि पाणी. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, तेही बरेचदा रात्री. पाण्याच्या रात्री पाइप ओढायला सगळी गेटं उघडी आणि माणसं मागच्या हौदाशी. त्या रात्री ओळ जागी असते पण पुढे कुणीच नसतं. आता एकेका घरातलं एक माणूस पुढच्या अंगणात खुर्ची टाकून बसतं. तशाही बायका जागरण करतातच. गप्पा आता मागच्याऐवजी पुढे होतात.

२० एप्रिल

कागदांचा दिवस.

काकांच्या गाडीचा फास्टॅग ओळीच्या बाहेर ट्रान्सफॉर्मरपाशी चिंध्या झालेला सापडला होता, म्हणून त्याच्यावरून पत्ता लागला नाही. पण त्या निमित्ताने सगळ्यांचे फास्टॅग तपासले. चौघांचे बंद पडलेल्या जुन्या मोबाइल नंबराला जोडलेले. गाडी चोरून कुणी पुण्याकडे सावळेश्वरच्या किंवा तुळजापूरकडे तामलवाडीच्या टोलनाक्यावरून गेला असता तर पैसे कापल्याचा संदेश बंद नंबरावर गेला असता. चौघांनी आज नंबर बदलले. चोरी झाली तर आधी पोलिसांना ते संदेश दाखवायचे, मग टॅग बंद करायचा.

मूळ आरसी गाडीत ठेवायची नाही. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत कायद्याने चालते.

विम्याबद्दल काकांबरोबर बसून एकेक ओळ वाचली. त्यांची पॉलिसी सर्वंकष होती, हे नशीब. ओळीत दोन गाड्यांना फक्त थर्ड पार्टी विमा निघाला. त्यात चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. मिळणारी रक्कम म्हणजे पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, नव्या गाडीची किंमत नव्हे.

काकांनी फिर्याद त्याच रात्री दिली, पण विमा कंपनीला चौथ्या दिवशी कळवलं. त्यावरून फोनवर कुरकूर झाली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलेलं आहे की फिर्याद ताबडतोब दिली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येत नाही. ते मी काकांना लिहून दिलं. तरीही कळवायचं त्याच दिवशी, उगाच वाद कशाला.

फिर्यादीत खरं तेच लिहावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. किल्ली खिडकीतून काढून नेली हे काकांनी सांगितलं, दांडा जप्त झाला, पंचनाम्यात आला. ‘दोन्ही किल्ल्या घरात होत्या’ असं सांगायचा सल्ला त्यांना एकाने दिला होता. तसं सांगितलं असतं तर आज एकही दाखवता आली नसती. गाडी सापडलीच नाही तर पोलीस ‘ए समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. तो कागद आल्याशिवाय सहसा पैसे मिळत नाहीत.

किल्ल्या: वीस. हरवलेल्या दोघांच्या नव्या झाल्या, जुन्या पुसल्या. फक्त काकांची दुसरी नाही. काकूंनी कपाटं, ट्रंका, शिलाई मशीनचा खण, सगळं तीनदा उपसलं. काका आता तो विषयच काढत नाहीत.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आज तीन नंबरच्या घरी नवी गाडी आली. बोनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबं, सगळं रीतसर. मी वही घेऊन गेले, दोन्ही किल्ल्या बघायला. त्या ताम्हणात ठेवलेल्या होत्या, हळदकुंकू वाहिलेल्या, शेजारी बिल्ली.

काकूही ओवाळायला आल्या होत्या. त्या ताम्हणाकडे बघत राहिल्या. मग हातातलं निरांजन माझ्याकडे दिलं, ‘अगं, धर जरा’ म्हणाल्या आणि चपला न घालताच रस्ता ओलांडून घरी गेल्या.

दहा मिनिटांनी काकांची हाक आली. देव्हाऱ्याच्या खालचा खण उघडा होता. तुळजाभवानीच्या कवड्यांच्या माळेखाली लाल खणाची घडी, आणि घडीत किल्ली. सात वर्षांपूर्वी गाडी आणली त्या दिवशी दोन्हींची पूजा झाली. एक काकांनी खिशात टाकली, दुसरी काकूंनी देवीपाशी ठेवली. पुढे रोज दिवा तिथेच लागत होता.

किल्ली पाहिली. पातं कोरं करकरीत, एकही ओरखडा नाही. बिल्ली अजून तारेने बांधलेली, नंबर स्वच्छ वाचता येतो. बटणांच्या फटीत कुंकू बसून काळपट झालेलं. आतला सेल संपलेला, दाबल्यावर दिवा लागत नाही.

काकू ती ओल्या फडक्याने पुसायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, राहू द्या, आहे तशीच द्यायची. दोन्ही बाजूंनी फोटो काढले, बिल्लीचा वेगळा. पाकिटावर तारीख आणि गाडीचा नंबर घातला. उद्या महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून परवा मी आणि काका दोघं विमा कंपनीच्या ऑफिसात जाऊन देणार, आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय पाकीट सोडणार नाही.

वहीत लिहिलं: एकविसावी.